फाशी देणाऱ्याचं बिल

फाशीऐवजी विषाचं इंजेक्शन द्यावं का, ही याचिका २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तिची तारीख लागली की पेपरात छोटीशी बातमी येते, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवस हाणामारी होते आणि विषय पुन्हा थंड होतो. या हाणामारीत न्यायाधीश असतात, गुन्हेगार असतो, बळी गेलेल्यांचे आईवडील असतात. खटका ओढणारा माणूस मात्र कोणाच्या बोलण्यात नसतो. आलाच तर हिंदी सिनेमातला काळ्या कपड्यातला, झुपकेदार मिशांचा दांडगट म्हणून येतो.

प्रत्यक्षात असा माणूस वाण्याच्या दुकानाचा माल घरोघर पोहोचवणारा, बुटका, नीटनेटका, संध्याकाळी गाणी म्हणणारा असू शकतो. ब्रिटनचा अल्बर्ट पिअरपॉइंट तसाच होता. त्याच्यावर २००५ साली 'पिअरपॉइंट' नावाचा चरित्रपट निघाला. दिग्दर्शक एड्रियन शेरगोल्ड, अल्बर्टच्या भूमिकेत टिमथी स्पॉल आणि बायकोच्या, अ‍ॅनीच्या भूमिकेत ज्युलिएट स्टीव्हन्सन. चित्रपट बघून बाहेर पडलेल्या माणसाच्या मनात जे प्रश्न येतात, ते एकेक करून सोडवू.

हा अल्बर्ट होता कोण?

जन्म १९०५, यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डजवळचा. वडील हेन्री फाशी द्यायचे, काका टॉमही तेच करायचे. म्हणजे आपल्याकडे भिक्षुकी किंवा सुतारकी घरात चालत येते, तसं हे काम पिअरपॉइंटांच्या घरात आलं होतं. वडिलांची कारकीर्द १९१० साली संपली. फाशीच्या कामाला ते दारू पिऊन गेले आणि मदतनिसाशी त्यांनी मारामारी केली. काका मात्र १९४६ पर्यंत टिकले.

अकरा वर्षांच्या अल्बर्टला शाळेत 'मोठेपणी कोण होणार' असा निबंध आला, तेव्हा त्यानं 'सरकारी फाशी देणारा होईन' असं लिहिलं. बाईंनी तो निबंध वाचला तेव्हा वर्गात काय शांतता पसरली असेल! पुढे तो गिरणीत राबला, मग किराणा मालाची गाडी हाकू लागला. १९३१ साली त्यानं तुरुंग खात्याकडे अर्ज केला. लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात बाहुल्यावर शिक्षण झालं आणि १९३२ साली नाव यादीत लागलं. मुख्य म्हणून पहिली फाशी दिली ती १९४१ मध्ये. मधली नऊ वर्षं उमेदवारीची, बहुतेक काकांच्या हाताखाली.

सरकारी नोकरी म्हणजे पगार, पेन्शन वगैरे?

छे. चित्रपट बघताना मराठी माणसाला सगळ्यांत आधी खटकतं ते हेच. पगार नाही, गणवेश नाही, पेन्शन तर नाहीच. खात्याकडे लायक माणसांची एक छोटी यादी असायची. शिक्षेची तारीख ठरली की त्या जिल्ह्याचा शेरीफ त्या यादीतल्या एकाला पत्र टाकायचा: अमुक दिवशी, अमुक तुरुंगात, येणार का? हा शेरीफ म्हणजे आपल्या इंग्रजी सिनेमातला पिस्तूलवाला नव्हे. तो जिल्ह्यातला एक मानाचा अधिकारी, आणि कायद्यानं फाशी अमलात आणायची जबाबदारी त्याची. आता कोणता शेरीफ स्वतः दोराला हात लावणार? तो त्यासाठी माणूस बोलवायचा.

आपल्याकडचा लग्नाचा आचारी डोळ्यांसमोर आणा. कार्य यजमानाचं, पत्रिकेवर नाव यजमानाचं, आणि आचारी ऑर्डरप्रमाणे येतो. आदल्या दिवशी भांडी घेऊन पोहोचतो, रात्री तिथंच मुक्काम करतो, सकाळी काम उरकून पैसे घेऊन जातो. अल्बर्टचंही अगदी तसंच होतं. आदल्या दिवशी दुपारी चारच्या आत तुरुंगात हजर, रात्री तिथंच मुक्काम, सकाळी नऊच्या सुमारास काम, मग घर. मदतनिसाचे पैसे तर दोन हप्त्यांत मिळायचे. अर्धे लगेच आणि उरलेले अर्धे दोन आठवड्यांनी, तोवर त्यानं कुठं तोंड उघडलं नाही, दारू पिऊन बडबड केली नाही, तरच. अल्बर्टच्या वडिलांचा इतिहास बघता अशी अट का लागत असेल याचा अंदाज येतो.

गुप्तता इतकी की १९४३ साली लग्न झाल्यावरही नवराबायकोत हा विषय निघत नसे. अ‍ॅनी त्याच्या किराणा दुकानाशेजारीच गोळ्या-बिस्किटांचं आणि तंबाखूचं दुकान चालवायची. नवरा अधूनमधून रात्री घरी का नसतो हे तिला ठाऊक होतं. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. चित्रपटातली सगळ्यांत चांगली दृश्यं माझ्या मते याच न बोलण्याची आहेत.

दोर बांधायला शिकायचं काय असतं?

बरंच. १८७०पर्यंत ब्रिटनमध्ये फाशी म्हणजे माणूस लोंबकळत, गुदमरत, तडफडत मरणं होतं. विल्यम मारवुड नावाच्या, जोडे शिवणाऱ्या एका गृहस्थानं १८७२ साली वेगळी पद्धत आणली. तिला 'लाँग ड्रॉप' म्हणजे लांब पडण्याची फाशी म्हणतात. पायाखालची फळी उघडली की कैदी बराच खाली पडतो आणि धक्क्यानं मान मोडून लगेच शुद्ध हरपते, ही त्यामागची कल्पना. किती खाली पडायचं ते ज्याच्या-त्याच्या वजनावर आणि अंगकाठीवर ठरतं. कमी पडलं तर माणूस गुदमरतो, जास्त झालं तर त्याहून भयंकर काहीतरी होतं. म्हणून दर वेळी नवा हिशेब.

तुरुंगाकडून उंची आणि वजन कागदावर मिळायचं. पण तेवढ्यावर अल्बर्ट विसंबायचा नाही. कोठडीच्या दाराला एक छोटं भोक असायचं. त्यातून तो कैद्याला बघायचा. आपण दुकानाची पायरी चढत असतानाच जुना शिंपी मनात माप घेतो ना, तशी नजर. मान जाड की बारीक, माणूस व्यायामाचा की बसकामाचा. आत कैदी दोन पहारेकऱ्यांबरोबर पत्ते खेळत असायचा. मग दोराला वाळूची पोती बांधून रात्रभर लटकवायची, म्हणजे दोर ताणून घ्यायचा तेवढा ताणून घेतो आणि सकाळी माप चुकत नाही. फळीवर खडूनं खूण करायची, पाय नेमके तिथं आले पाहिजेत.

आणि आता ते कपाट. फाशीच्या कोठडीत भिंतीला लागून एक साधं लाकडी कपाट उभं असायचं. कैदी तीन आठवडे त्याच्याकडे बघत जेवायचा, झोपायचा. शेवटच्या सकाळी अल्बर्ट आत यायचा, कैद्याचे हात मागे बांधायचा, तेवढ्यात पहारेकरी कपाट बाजूला सरकवायचे. मागे दार. दारापलीकडे, चार पावलांवर दोर. इतके दिवस कैदी ज्या खोलीच्या भीतीनं झुरत होता, ती भिंतीपलीकडेच होती.

पुढचं सगळं काही सेकंदांत. अल्बर्टच्या कोटाच्या वरच्या खिशात पांढरा रुमाल खोचलेला दिसायचा. तो रुमाल नसायचा, घडी केलेली टोपी असायची. कैदी खुणेवर उभा राहिला की टोपी चेहऱ्यावर, फास गळ्यात, मदतनीस पाय बांधून मागे होतो, खटका. १९५१ साली मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात हे सगळं सात सेकंदांत झाल्याची नोंद आहे. चित्रपटात हा वेग फार बारकाईनं दाखवला आहे. अल्बर्ट मनात सेकंद मोजतो आणि आपण खुर्चीत बसून नकळत त्याच्या बाजूनं मोजायला लागतो. स्वतःची थोडी लाज वाटते.

या घाईला दया म्हणायचं?

अल्बर्ट तसंच मानायचा. कैद्याला विचार करायला वेळ मिळू नये, घाबरून पाय लटपटायच्या आत सुटका व्हावी, हा त्याचा धर्म. चित्रपटातला अल्बर्ट नंतर मृतदेहही स्वतः अदबीनं धुतो. शिक्षा भोगून झाली, आता हिशेब मिटला, असं त्याचं म्हणणं.

मला यात दुसरंही दिसतं. न्यायाधीश निकाल देतो, पण मारत नाही. मंत्री दयेचा अर्ज फेटाळतो, पण मारत नाही. शेरीफ पत्र टाकतो, डॉक्टर वजन घेतो, पहारेकरी कपाट सरकवतो, मदतनीस पाय बांधतो. एका माणसाला मारण्याचं काम इतक्या जणांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला आलेला तुकडा अगदी साधा, ऑफिसातला वाटतो. अल्बर्टचा तुकडा सगळ्यांत शेवटचा, आणि त्याचे पैसे नगावर.

त्यानं किती जणांना फाशी दिली?

४३५ ते ६०० यांच्या मधला आकडा देतात. १९५० साली फाशीचा विचार करणाऱ्या शाही आयोगापुढे त्याची साक्ष झाली, तेव्हा त्यानंही 'काही शे' एवढंच उत्तर दिलं. आकडा एवढा फुगायचं मुख्य कारण महायुद्ध. युद्धानंतर ब्रिटिशांच्या ताब्यातल्या जर्मनीत हामेल्न इथं त्यानं युद्धगुन्हेगारांना फाशी दिली. १३ डिसेंबर १९४५ या एका दिवसात तेरा जण, त्यांतले अकरा बेर्गेन-बेल्सन छळछावणीच्या खटल्यातले. या कामानं त्याचं नाव फुटलं. कालपर्यंत शेजाऱ्यांनाही माहीत नसलेला किराणावाला एकदम राष्ट्रवीर झाला. लोक रस्त्यात हात मिळवू लागले.

१९४६ मध्ये त्यानं ओल्डहॅमजवळ एक दारूचा गुत्ता चालवायला घेतला. गुत्त्याचं नाव आधीपासूनच 'हेल्प द पुअर स्ट्रगलर', म्हणजे 'बिचाऱ्या धडपड्याला मदत करा'. कोणी लेखकानं असं नाव कथेत घातलं असतं तर संपादकानं खोडलं असतं.

मग चित्रपट खोटं कुठं बोलतो?

चरित्रपट म्हणजे खऱ्या माणसाच्या आयुष्यावर रचलेलं नाट्य. रचलेलं, हा शब्द महत्त्वाचा. पंचवीस वर्षं दीड-दोन तासांत बसवायची तर काही वाकवावंच लागतं.

पहिली गोष्ट नावाची. अमेरिकेत हा चित्रपट 'द लास्ट हँगमन' म्हणजे 'शेवटचा फाशी देणारा' या नावानं लागला. पिअरपॉइंट शेवटचा नव्हता. ब्रिटनमधल्या शेवटच्या दोन फाशी १३ ऑगस्ट १९६४ रोजी, एकाच सकाळी दोन वेगळ्या तुरुंगांत झाल्या. त्याला काम सोडून तेव्हा आठ वर्षं झाली होती.

दुसरी गोष्ट टिशची, आणि ती जास्त मोलाची आहे. अल्बर्टच्या गुत्त्यात जेम्स कॉर्बिट नावाचा एक गिऱ्हाईक नेहमी यायचा. दोघं मिळून पियानोपाशी गाणी म्हणायचे. अल्बर्ट त्याला टिश म्हणायचा, तो अल्बर्टला टॉश. १९५० साली एका रात्री दोघांनी असंच मिळून गाणं म्हटलं, आणि त्याच रात्री कॉर्बिटनं आपल्या मैत्रिणीचा खून केला. २८ नोव्हेंबरला स्ट्रेंजवेज तुरुंगात त्याला फाशी दिली ती अल्बर्टनंच. पहारेकऱ्यांनी आधीच अल्बर्टच्या कानावर घातलं होतं की हा तुम्हाला ओळखतो म्हणतोय, ओळख द्याल का याची त्याला काळजी आहे. सकाळी अल्बर्ट कोठडीत शिरला तेव्हा कैदी म्हणाला, "हॅलो, टॉश." अल्बर्ट म्हणाला, "हॅलो, टिश, कसा आहेस?" एवढ्या दोन वाक्यांनी तो माणूस सैल पडला आणि शांतपणे चालत गेला.

चित्रपट या प्रसंगाला कथेचा कणा बनवतो. तिथं टिश हा अल्बर्टचा जिवलग दोस्त आहे, आणि त्याला फाशी दिल्यावर अल्बर्ट कोलमडतो. खऱ्या आयुष्यात टिश हा गुत्त्यातल्या ओळखीचा माणूस होता. आणि अल्बर्ट कोलमडून थांबला नाही, त्यानंतर पाच वर्षं काम करत राहिला. डेरेक बेंटली त्यानंतरचा, १९५३ चा. त्याची शिक्षा न्यायालयानं १९९८ मध्ये रद्द केली. रूथ एलिस त्यानंतरची, १९५५ ची. ब्रिटनमध्ये फाशी गेलेली शेवटची स्त्री. आणि जॉन क्रिस्टीसुद्धा त्यानंतरचा. हे प्रकरण वाचून माझा घास अडकला होता. १९५० च्या मार्चमध्ये टिमथी इव्हान्स नावाच्या तरुणाला तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल अल्बर्टनं फाशी दिलं. खटल्यात त्याच्याविरुद्ध साक्ष देणारा मुख्य माणूस होता त्याच घरात राहणारा क्रिस्टी. तीन वर्षांनी क्रिस्टीच्या खोलीत आणखी प्रेतं सापडली. १९५३ च्या जुलैत क्रिस्टीलाही फाशी झाली. हात तेच, अल्बर्टचे. इव्हान्सला माफी मिळाली ती १९६६ साली, मेल्यावर सोळा वर्षांनी.

पण शेवटी पश्चात्ताप होऊनच त्यानं काम सोडलं ना?

नाही. पैशांवरून सोडलं. इथं पुन्हा आपला आचारी आठवा.

१९५६ च्या जानेवारीत अल्बर्टला मँचेस्टरला बोलावणं आलं. गुत्ता बघायला त्यानं पदरचे पैसे देऊन माणूस ठेवला. तुरुंगात जाऊन दुपारभर माप काढलं, दोर जुळवला. संध्याकाळी बातमी आली की कैद्याची शिक्षा माफ झाली. म्हणजे भांडी लागली, भाज्या चिरून झाल्या आणि लग्न मोडलं. बाहेर जबरदस्त बर्फ पडत होता, घरी जाता येईना, तेव्हा रात्री हॉटेलात राहावं लागलं. पंधरा दिवसांनी शेरीफकडून धनादेश आला तो फक्त प्रवासखर्चाचा. अल्बर्टनं खात्याला लिहिलं: पूर्वी अशा वेळी मला पूर्ण पैसे मिळाले आहेत. पूर्ण म्हणजे १५ पौंड. खात्यानं उत्तर दिलं: ते शेरीफशी बोला, आणि नियमाप्रमाणे पैसे फाशी झाली तरच असतात. शेरीफनं शेवटी तडजोड म्हणून ४ पौंड देऊ केले. २३ फेब्रुवारीला अल्बर्टनं खात्याला कळवलं की यापुढे आपल्याला या कामात रस नाही, नाव यादीतून काढा.

आणखी एक. त्याच सुमारास एका वृत्तपत्राशी त्याची आठवणी छापण्याबद्दल तीस-चाळीस हजार पौंडांची बोलणी चालू होती. पंधरा पौंडांवर रुसलेला माणूस तितका भोळाही नव्हता.

चित्रपटातल्या रडण्यापेक्षा मला हे बिल जास्त खरं वाटतं. ज्या व्यवस्थेनं माणूस मारण्याचं काम नगावर लावलं, तिनं एक दिवस नग पुरा झाला नाही म्हणून पैसे कापले, आणि माणूस दुखावला. कारागीर दुखावतो तसाच.

मग फाशी निरर्थक आहे असं त्यानं कुठं म्हटलं?

१९७४ साली छापलेल्या आत्मचरित्रात. फाशीनं काहीच सुटत नाही, ती जुन्या सूडबुद्धीची उरलेली खूण आहे, असं त्यानं लिहिलं. त्यासाठी त्यानं दाखला दिला तो टिशचा. खुनापासून माणसाला परावृत्त करायला फाशीचा धाक लागतो म्हणतात. या माणसाच्या डोळ्यांसमोर तर खुद्द फाशी देणाराच बसला होता, त्याच्याबरोबर गाणं म्हणत. तरी खून झाला.

हे वाक्य फाशीचे विरोधक आजही सगळीकडे वापरतात. ते सहसा सांगत नाहीत ते असं, की दोनच वर्षांनी एका रेडिओ मुलाखतीत अल्बर्ट डळमळला. गुन्हे वाढत चाललेत, आता नक्की काय म्हणावं कळत नाही, अशा अर्थाचं बोलला. म्हणून त्याच्या मताला दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून वापरू नये असं मला वाटतं. त्याला दोराबद्दल सगळं ठाऊक होतं. शिक्षेमुळे गुन्हे कमी होतात का, हा प्रश्न दोराच्या ज्ञानानं सुटणारा नाही.

ब्रिटनचं झालं, आपला काय संबंध?

सरळ संबंध आहे. फाशी देण्याची आपल्या तुरुंगांतली पद्धत ब्रिटिशांनीच ठेवून गेलेली: वजनाप्रमाणे उंची, वाळूच्या पोत्याची चाचणी, फळी, खटका, टोपी. फाशी ही पद्धत क्रूर आहे का, हा प्रश्न १९८३ साली दीना खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. फाशी वैध ठरवताना न्यायालयानं ज्या साहित्याचा आधार घेतला, त्यात ब्रिटनच्या त्याच शाही आयोगाचा अहवाल होता, ज्याच्यापुढे अल्बर्ट 'काही शे' म्हणाला होता. हा निकाल सप्टेंबरचा. दोनच महिन्यांनी, २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात जोशी-अभ्यंकर हत्याकांडातल्या चौघांना फाशी झाली. आणि ब्रिटननं? त्यानं १९६५ साली खुनासाठीची फाशी थांबवली आणि १९६९ मध्ये कायमची बंद केली. ज्यांच्याकडून शिकलो त्यांनी शाळा मोडली, आपण पुस्तक जपून ठेवलं.

आपल्या कायद्यातलं वाक्य आजही तेच आहे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही: मृत्यू येईपर्यंत गळफास देण्यात यावा. कर्मणी प्रयोग. कोणी द्यावा, ते वाक्यात नाही. म्हणून तिहारमध्ये २०२० साली निर्भया प्रकरणातल्या चौघांना फाशी द्यायची वेळ आली तेव्हा दिल्लीनं उत्तर प्रदेशकडे माणूस मागितला. मेरठचा पवन जल्लाद आला. त्याच्याही घरात हे काम पिढीजात, पैसेही फाशीगणिक ठरलेले. जानेवारीअखेर तो तिहारमध्ये मुक्कामाला आला, पोती लटकवून दोर तपासून झाले, आणि ३१ तारखेला संध्याकाळी न्यायालयाची स्थगिती आली. तो सामान आवरून मेरठला परत गेला. मार्चमध्ये पुन्हा बोलावणं आलं.